सैल स्क्रू, फुलांचा गुच्छ आणि परवान्याचा कागद

स्विचबोर्डाच्या पाठीमागे एखाद्या टर्मिनलचा स्क्रू अर्धा फेरा सैल राहिला, तर त्या दिवशी काहीच होत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, काम करणाऱ्याला पैसे मिळतात आणि तो निघून जातो. आत मात्र तार आणि टर्मिनल जिथे घट्ट बसायला हवेत तिथे जेमतेम टेकलेले असतात. त्या अरुंद जागेतून प्रवाह जाताना उष्णता तयार होते. तापलेला धातू प्रसरतो, निवला की आकसतो आणि असं शेकडो वेळा होताना स्क्रू आणखी ढिला होत जातो. तांब्यावर ऑक्साइडचा थर धरतो, रोध वाढतो, त्यामुळे उष्णताही वाढते. प्रवाह फार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्याला, एमसीबीला, यातलं काही कळत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. एखाद-दोन वर्षांनी तारेवरचं प्लास्टिक काळं पडून जळायला लागतं, तोवर घरात कदाचित दुसरंच कुटुंब राहायला आलेलं असतं.

आता फुलांचा गुच्छ घ्या. दांडे तिरपे कापले नाहीत, पाण्यात बुडणारी पानं काढली नाहीत, तर पाणी लवकर खराब होतं आणि फुलं दोन दिवस आधी माना टाकतात. घेणाऱ्याला ते दिसतं, वाईटही वाटतं आणि पुढच्या वेळी तो दुसरीकडे जातो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने मात्र फुलं सजवून विकणाऱ्यांनाही परवाना लावला होता. २०१० पर्यंत त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि गुच्छाला गुण द्यायला बसत होते आधीपासून परवाना असलेले फूलविक्रेतेच.

या दोन्ही ठिकाणी कागदाचं नाव एकच, परवाना. म्हणून ‘व्यवसायांना परवाना असावा का’ असा सरसकट प्रश्न विचारला की चर्चा पहिल्याच वाक्याला भरकटते. एक जण सैल स्क्रू डोळ्यांसमोर ठेवून बोलतो, दुसरा फुलांचा गुच्छ. एकाला लोकांचे जीव दिसतात, दुसऱ्याला कुणाच्या तरी पोटावर आलेला पाय. दोघांचीही कळकळ खरी असते. मला असं वाटतं, की अख्खा व्यवसाय तराजूत घालूच नये. त्यातलं नेमकं कोणतं काम, कुणाला, कशा प्रकारची इजा करू शकतं, ते आधी वेगळं काढावं. मग ती इजा परवान्यापेक्षा हलक्या उपायाने टळते का, ते बघावं.

त्यासाठी शब्दांची सरमिसळ थांबायला हवी. नोंदणी म्हणजे काम करणाऱ्याने आपलं नाव-पत्ता एका यादीत लिहून देणं. त्यात कसबाची परीक्षा नसते, पण तक्रार आली तर माणूस सापडतो. प्रमाणपत्र म्हणजे ‘याने अमुक परीक्षा दिली आहे’ अशी ग्वाही. ते नसलेल्यालाही काम करता येतं, फक्त ते बिरुद लावता येत नाही. परवाना म्हणजे तो नसेल तर काम करणंच गुन्हा. कायदा नीट वाचल्याशिवाय पुष्कळदा आपण कोणत्या पायरीवर आहोत हे कळत नाही. भारताचा १९७२ चा वास्तुविशारद कायदा घ्या. नोंदणीशिवाय इमारतींचा आराखडा करणंच बेकायदा आहे, असा अनेकांचा समज होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की तो कायदा ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावण्यावर बंधन घालतो, आराखड्याच्या कामावर नाही. ब्रिटनमध्ये केस कापणाऱ्यांसाठी १९६४ चा कायदा आहे, तोही नोंदणी ऐच्छिकच ठेवतो.

उमेदवारीची, म्हणजे जाणत्याच्या हाताखाली राहून काम शिकण्याची, सक्ती काही नवी नाही. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने बहुतेक कारागिरांना सात वर्षांची उमेदवारी बंधनकारक केली होती. कुठल्या कसबाला दोन वर्षं पुरतात आणि कुठल्याला दहा लागतात, हा विचार त्यात नव्हता. आकडा सगळ्यांना एकच. ती कलमं रद्द व्हायला १८१४ साल उजाडलं. अमेरिकेत १८८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना परवाना लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, आणि ते योग्यच झालं. पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले साधारण पाच टक्के कामगार परवान्याखाली होते, आता ते प्रमाण वीस टक्क्यांच्या वर आहे. एवढी वाढ केवळ डॉक्टर आणि परिचारिका वाढल्याने झालेली नाही. पूर्वी मोकळे असलेले कितीतरी व्यवसाय एकामागून एक कुंपणाच्या आत घेतले गेले.

परवान्याच्या बाजूने जो सर्वांत भक्कम मुद्दा आहे तो माहितीचा आहे. काम करणाऱ्याला माहीत असतं की स्क्रू किती आवळलाय, गिऱ्हाइकाला नसतं. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवलं, की चांगलं-वाईट ओळखताच येत नसेल तर गिऱ्हाईक सगळ्यांना सरासरीचीच किंमत देतं. त्या किमतीत चांगला माल विकणं परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेताच बाजार सोडतो. हे कामांनाही लागू पडतं. पण सगळ्या कामांना सारखं नाही, आणि हाच भाग नेहमी सुटतो. काही कामांचा दर्जा आधीच दिसतो, काहींचा काम झाल्यावर दिसतो आणि काहींचा कधीच दिसत नाही. पहिल्या दोन गटांत गिऱ्हाइकाची नजर आणि चार जणांत होणारी चर्चा पुष्कळ काम करते. तिसऱ्या गटात ती आंधळी असते.

त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी तपासायच्या. इजा भरून येण्यासारखी आहे का? चुकीचे कापलेले केस वाढतात, चुकीच्या औषधाने गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. इजा कुणाला होते? गिऱ्हाइकालाच होत असेल तर निदान निवड त्याची होती. पण गॅसच्या गीझरची जळालेली हवा बाहेर नेणारा पाइप चुकीचा बसवला तर कार्बन मोनॉक्साइड शेजारच्या खोलीत झोपलेल्यापर्यंत जातो, आणि त्याला तर वासही नसतो. तिसरं म्हणजे चूक आणि परिणाम यांत किती काळ जातो. वर्षं गेली तर नुकसानभरपाईचा दावा कुणावर लावायचा हेच कळत नाही. दडलेलं, भरून न येणारं, तिसऱ्याला भोवणारं आणि उशिरा उघड होणारं, असं सगळं एकत्र येतं तिथे परवान्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. यातलं एखादंच असेल तर थांबून विचार करायला हवा.

केशभूषेच्या व्यवसायावर थोडं रेंगाळावं लागेल, कारण परवान्याचा गोंधळ तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. एकाच खुर्चीत बसून होणारी ही कामं किती वेगवेगळी आहेत बघा. कात्रीने केस कापण्यात धोका नगण्य. वस्तऱ्याने कातडीला जखम होऊ शकते, आणि हेपेटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. म्हणून दर गिऱ्हाइकाला नवं पातं हवं, आणि ज्या हत्यारांवर नवं पातं बसत नाही ती निर्जंतुक करायला हवीत. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे केस अडकलेला कंगवा तसाच जंतुनाशकात बुचकळून काढणं. आधी केस आणि तेल धुऊन काढायचं, मग हत्यार पूर्ण बुडवून ठेवायचं, आणि बाटलीवर लिहिलेली वेळ पाळायची. अनेक जंतुनाशकांना दहा मिनिटं लागतात. नुसतं बुचकळल्याने जंतू मरत नाहीत, फक्त कंगवा ओला होतो. केसांच्या काळ्या रंगात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते. म्हणून अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायचं असतं. केस सरळ करणाऱ्या काही क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं. ते टाळूवर जास्त वेळ राहिलं तर कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर नजरेवर बेततं.

म्हणजे धोका आहे, आणि खरा आहे. पण तो पातं, जंतुनाशक आणि रसायन या तीन ठिकाणी गोळा झालेला आहे. हत्यारांची स्वच्छता नीट शिकवायला आणि करून घ्यायला एक-दोन दिवस पुरतात. रसायनांना त्याहून जास्त वेळ लागतो. आणि प्रत्यक्षात मागतात किती? अमेरिकेच्या अनेक राज्यांत केशभूषेच्या परवान्याला १००० ते १५०० तासांचं शिक्षण लागतं. त्याच देशात रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या प्राथमिक पातळीच्या तंत्रज्ञाचं, ईएमटीचं, शिक्षण साधारण दीडशे तासांच्या आसपास असतं. श्वास थांबलेल्या माणसाला हाताळणाऱ्यापेक्षा केसांना रंग लावणाऱ्याला कितीतरी पट जास्त काळ बसवायचं, याचं कारण धोक्याच्या हिशेबात कुठेच सापडत नाही. ईएमटीचे तास कमी आहेत असंही कुणी म्हणेल, आणि ते बरोबरही असू शकतं. पण मग दोन्ही आकडे धोका मोजून ठरलेले नाहीत एवढं तरी मान्य करावं लागेल.

याच चौकटीत केसांच्या वेण्या घालणाऱ्यांनाही बसवलं गेलं. युटा राज्यात आफ्रिकी पद्धतीच्या बारीक वेण्या घालायला २००० तासांचा केशभूषेचा अभ्यासक्रम सक्तीचा होता. त्यात कापणं, रंगवणं, रसायनं सगळं होतं, वेण्यांशी संबंध असलेला भाग मात्र नावापुरता. २०१२ साली संघराज्य न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. वेणी घालण्यात धोका अजिबातच नाही असं मात्र नाही. फार ओढून बांधलेल्या वेण्यांमुळे कपाळाच्या कडेचे केस मुळापासून कमकुवत होतात, आणि ताण वर्षानुवर्षं राहिला तर ते परत येत नाहीत. दुःखाची गोष्ट ही, की २००० तासांत हीच एक गोष्ट शिकवण्याची हमी नव्हती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

परवाना तोलताना म्हणून पहिलं काम कागद-पेन्सिलीचं आहे. एका रकान्यात व्यवसायातली कामं लिहायची, दुसऱ्यात त्या कामाने होऊ शकणारी इजा, तिसऱ्यात ती इजा टाळणारी नेमकी कृती, आणि चौथ्यात ती कृती शिकवायला लागणारे तास. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक तासाला या तक्त्यात जागा सापडली पाहिजे. जे तास कुठेच बसत नाहीत ते व्यवसायाची शोभा वाढवत असतील, ते शिकायला कुणाची आडकाठी नाही. पण कायद्याने सक्ती करण्याइतका त्यांचा हक्क नाही.

असा तक्ता केला की परवानाही कामापुरता कापता येतो. ब्रिटनमध्ये गॅसचं काम नोंदणीशिवाय करता येत नाही, म्हणजे नाव नोंदणीचं असलं तरी तो परवानाच, आणि २००९ पासून ती नोंदणी ‘गॅस सेफ’ यादीत होते. त्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्या माणसाला गॅसची कोणती कामं येतात ते लिहिलेलं असतं. बॉयलर येतो पण दुसरं उपकरण येत नाही, तर ते तिथे दिसतं. दारात उभ्या असलेल्या घरमालकाला कार्ड उलटून बघता येतं. सर्व कामांना मिळून एकच मोठा शिक्का मारण्यापेक्षा मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

परवान्याच्या खालच्या पायऱ्यांकडे आपण पुरेसं बघतच नाही. जागा घाण असण्याचा धोका असेल तर जागेची अचानक तपासणी करा, माणसाची परीक्षा कशाला? पैसे घेऊन पळून जाण्याची भीती असेल तर अनामत रक्कम किंवा हमीपत्र घ्या. बुडालेल्या गिऱ्हाइकाला त्यातून पैसे मिळतात, परीक्षेतल्या गुणांतून नाही. अपघाताने मोठं नुकसान होण्याजोगं काम असेल तर विम्याची सक्ती करा. विमा कंपनी हप्ता ठरवताना कामाचा इतिहास बघतेच. या उपायांनाही मर्यादा आहेत. हमीची रक्कम इतकी मोठी ठेवली की लहान माणूस आतच येऊ शकत नाही, तर तोही आडून लावलेला परवानाच झाला. तपासनीस तोकडे असतील तर तपासणी कागदावर राहते. आणि जिथे जीवच जातो तिथे भरपाई हा उपाय नाही.

विजेच्या कामात माणसाच्या परीक्षेइतकीच झालेल्या कामाची परीक्षा हवी, आणि ती करता येते. पुरवठा बंद करून ५०० व्होल्ट डीसीवर तारांचा इन्सुलेशन रोध मोजला तर नेहमीच्या घरगुती मंडलात तो निदान १ मेगाओहम यायला हवा. झटका जीवघेणा ठरू नये म्हणून लावलेला ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीडी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटायला हवा. अर्थिंगची तार शेवटच्या सॉकेटपर्यंत अखंड आहे का, फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली आहे का, हेही मिनिटांत कळतं. एवढं करूनही सैल स्क्रू सुटतो, कारण जेमतेम टेकलेली तारसुद्धा या चाचण्यांत पास होते. इथेच खरं कसब लागतं, आणि इथेच परवान्याला अर्थ आहे. अट एवढीच, की परीक्षेत ते विचारलं जावं. टर्मिनल किती आवळायचं हे उत्पादक न्यूटन-मीटरमध्ये देतो. उमेदवाराला दहा टर्मिनल जोडायला लावून नंतर टॉर्क मोजला, तर ओमचा नियम पाठ म्हणून घेण्यापेक्षा कितीतरी जास्त कळेल. कमी आवळलं तर तापतं, जास्त आवळलं तर बारीक पदर तुटतात, आटे झिजतात.

आणि परवाना कुणाच्या नावावर, काम कुणाच्या हातून, हेही बघावं लागतं. भिंतीवर एकाचा कागद टांगलेला आणि शिडीवर तीन नवखे चढलेले, असं झालं की परीक्षा कितीही कडक असली तरी ती चुकीच्या माणसाने दिलेली असते.

आता खर्चाची बाजू. परवान्याचा दर्जा मोजताना आपण परवानाधारकाचं काम बघतो. ते चांगलं असतं, मान्य. पण ज्याला तो परवडला नाही, किंवा ज्याच्या भागात तो नव्हताच, त्याचं काय झालं हेही मोजायला हवं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाने अनेक व्यवसाय या नजरेने तपासले. त्यात दिसलं, की लोकसंख्येच्या मानाने वीजतंत्री कमी असलेल्या राज्यांत विजेचा झटका बसून होणारे अपघाती मृत्यू जास्त होते. कारण समजायला अवघड नाही. माणूस मिळाला नाही, किंवा महाग पडला, की लोक स्वतःच पेटी उघडतात. परवाना कडक करून कागदावरचा दर्जा वाढतो आणि घराघरांत पोचलेला दर्जा घसरतो, असं होऊ शकतं. अलीकडे, २०१९ च्या एका अभ्यासाने अमेरिकी राज्यांच्या सीमांवरची तुलना करून परवान्यामुळे कामगारांचा पुरवठा १७ ते २७ टक्क्यांनी घटतो असा अंदाज दिला. अधिकार वाढवलेल्या परिचारिकांबद्दलचा २०१६ चा अभ्यासही इथे आठवतो. डॉक्टरच्या देखरेखीची सक्ती सैल केलेल्या राज्यांत लहान मुलांच्या नेहमीच्या तपासणीची किंमत ३ ते १६ टक्क्यांनी उतरली आणि बालमृत्यूंत फरक दिसला नाही.

पण या अभ्यासांवरून सगळे परवाने फाडून टाकायला निघणाऱ्यांनी सुइणींचा इतिहास वाचावा. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत अमेरिकेतल्या राज्यांनी आणि शहरांनी वेगवेगळ्या वेळी सुइणींना परवाना लावला. कायदे एकाच वेळी आले नाहीत, म्हणून आधी-नंतरची तुलना करता येते. त्यावर झालेल्या बारकाईच्या अभ्यासात परवान्यामुळे मातामृत्यू साधारण ६ ते ८ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. प्रतिजैविकांच्या आधीच्या त्या काळात बाळंतज्वर हा बाळंतिणींचा मोठा कर्दनकाळ होता, आणि तो अस्वच्छ हातांवाटे येत असे. हाताचा दोष डोळ्यांना दिसत नव्हता, इजा भरून येणारी नव्हती, चूक आणि मृत्यू यांत काही दिवस जात होते आणि बाळंतिणीकडे निवडायला वेळ नव्हता. वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या खुणा इथे एकत्र आहेत. ६ ते ८ टक्के हा आकडा छोटा वाटतो, पण त्यामागे वाचलेल्या आया आहेत.

परवाना कोण देतं, हा प्रश्न मला परवाना असावा की नाही याहूनही नाजूक वाटतो. मंडळावर त्याच व्यवसायातली माणसं बसतात, कारण ज्ञान त्यांच्याकडे असतं. तेच नव्याला आत घेतात आणि त्याच नव्याशी त्यांची स्पर्धा असते. कुंपणानेच शेत खाल्लं तर बघायचं कुणाकडे? नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळावर आठ जण होते. त्यांपैकी सहा व्यवसाय करणारे दंतवैद्य, एक दंतस्वच्छता तज्ज्ञ आणि ग्राहकांच्या बाजूने फक्त एक. दंतवैद्य नसलेले लोक स्वस्तात दात पांढरे करून देऊ लागले, तेव्हा मंडळाने त्यांना काम बंद करा अशी किमान ४७ पत्रं पाठवली. मूळ तक्रारी बहुतांशी दंतवैद्यांच्याच होत्या, आणि त्या इजेपेक्षा कमी किमतीबद्दल जास्त होत्या. २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की सरकारची जागती देखरेख नसेल तर अशा मंडळाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट नाही.

पुन्हा लुइझियाना. तिथल्या एका मठातले साधू लाकडाच्या साध्या शवपेट्या करून विकू लागले. २००५ च्या कतरिना वादळात मठाच्या जंगलातली झाडं पडल्यावर उत्पन्नाला दुसरा आधार हवा होता. कायदा म्हणाला, शवपेटी फक्त परवानाधारक अंत्यसंस्कार संस्थाच विकू शकते. आणि ती संस्था व्हायचं तर तीस माणसं मावतील असं दालन हवं, सहा शवपेट्या मांडायची खोली हवी, प्रेत टिकवण्याच्या प्रक्रियेची सोय हवी. जी वस्तू मुळात एक पेटी आहे, आणि जी न वापरताही दफन करायला त्या राज्यात मनाई नव्हती, तिच्यासाठी हे सगळं. २०१३ साली अपील न्यायालयाने साधूंच्या बाजूने निकाल दिला. शोकात बुडालेलं घर घासाघीस करू शकत नाही, म्हणून खरं तर तिथे किमतीची पाटी आधी दाखवण्याची सक्ती हवी. विक्रेते कमी करण्याचा नियम त्या घराच्या उपयोगाचा नाही.

नवा परवाना मागणारा मसुदा हातात आला की मी दोन कलमं आधी शोधावीत असं म्हणेन. एक, आधीपासून काम करणाऱ्यांना परीक्षेतून सूट आहे का? धोका खरोखर मोठा असेल तर आज काम करणाऱ्यालाच आधी तपासायला हवं. त्याला सरसकट सोडून फक्त नव्यांना अडवलं असेल तर हेतूबद्दल शंका घ्यावी. दोन, ‘चांगलं चारित्र्य’ असला मोघम शब्द आहे का? त्याच्या आडून कुठलाही जुना गुन्हा दाखवून कुणालाही परत पाठवता येतं. कॅलिफोर्नियात कैद्यांना वणवे विझवायला नेतात, ते जीव धोक्यात घालून काम शिकतात. पण सुटल्यावर अग्निशमन दलासाठी लागणारं ईएमटी प्रमाणपत्र त्यांना गुन्ह्याच्या नोंदीमुळे मिळेना. २०२० साली कायदा करून त्यांना नोंद पुसून घेण्याची वाट दिली गेली. कोणता गुन्हा कोणत्या कामाशी जोडलेला आहे हे नावानिशी लिहावं. औषधांच्या चोरीचा गुन्हा औषधविक्रीच्या आड यावा, बागकामाच्या नाही.

परवाना काढून टाकतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. जर्मनीत स्वतःचा कारागिरीचा व्यवसाय थाटायला ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद कारागीर, ही पदवी लागायची. २००४ साली ९४ पैकी ५३ व्यवसायांतून ती अट काढली. फरशी बसवणाऱ्यांचा त्यांत समावेश होता. त्यांचे व्यवसाय भराभर वाढले, पण बरेचसे एकट्या माणसाचे. उमेदवार घेऊन शिकवणारे कमी झाले. कारण उमेदवार शिकवण्याचा सगळा भार माइस्टर पदवीच्या खांद्यावर होता, आणि ती काढताना त्या भाराची दुसरी सोय केली नव्हती. २०२० साली १२ व्यवसायांना, त्यांत फरशीवाल्यांनाही, अट पुन्हा लावली गेली. माझ्या मते दुखणं शिक्षणाचं होतं आणि औषध प्रवेशबंदीचं दिलं. उमेदवार घेणाऱ्याला पैशाची मदत देऊन बघायला हवं होतं. तरी धडा मोठा आहे. जुन्या खुंटीला काय काय टांगलंय ते बघितल्याशिवाय ती उपटू नये.

हे सगळं तपासण्याची पद्धत बसवता येते. कोलोरॅडोने १९७६ साली असा कायदा केला, की मंडळाला मुदत असेल आणि मुदत संपताना त्याने आपली गरज सिद्ध केली नाही तर ते आपोआप बरखास्त होईल. पुढे तिथे नवा परवाना मागणाऱ्यालाच आधी इजेचा पुरावा द्यायला लावला जाऊ लागला. युरोपीय संघाने २०१८ च्या निर्देशाने सदस्य देशांना व्यवसायांवर नवं बंधन घालण्याआधी ते धोक्याच्या प्रमाणात आहे का हे तपासणं बंधनकारक केलं. पुरावा मागताना तक्रारींची वही उघडावी आणि तीन ढीग करावेत. इजा झाल्याच्या तक्रारी, पैशांच्या वादाच्या तक्रारी आणि ‘अमका परवान्याशिवाय काम करतो’ अशा तक्रारी. तिसरा ढीग सर्वांत उंच असेल आणि तो लिहिणारे सगळे परवानाधारक असतील, तर ते मंडळ कुणासाठी राबतंय हे वेगळं सांगायला नको.

आणि मग उरतात ती माणसं, ज्यांनी जुन्या नियमाप्रमाणे सगळे तास भरले, कर्ज काढून शुल्क दिलं. तास कमी करायचं म्हटलं की ती चिडतात, आणि त्यांना स्वार्थी म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांनी नियम केला नव्हता, पाळला होता. त्यांची पदवी प्रमाणपत्र म्हणून चालू ठेवावी, म्हणजे ज्याला जास्त शिकलेला माणूस हवा तो त्यांना ओळखून निवडू शकेल. आज अर्ध्यात असलेल्या विद्यार्थ्यांचं उरलेलं शुल्क परत मिळावं. बदलाची तारीख वर्षभर आधी जाहीर व्हावी. आणि कापलेले तास कोणत्या इजेशी जोडलेले नव्हते, तो चार रकान्यांचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवावा. आपल्या रोजच्या कामात धोका नेमका कुठे असतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तक्त्यातली एखादी ओळ चुकली असेल, तर ती दुरुस्त करून देणारेही तेच असतील.